पतपेढीच्या अ‍ॅपनं काकूंना काय म्हणावं?

पत्र थोडक्यात असं: इंदूरची एक २७ वर्षांची वाचक एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. शहरातल्या एका जुन्या मराठी पतपेढीचं मोबाइल अ‍ॅप बनवायचं काम त्यांच्याकडे आलं आहे. टीममध्ये मराठी येणारी ती एकटीच, त्यामुळे मराठी मजकूर सगळा तिच्याच गळ्यात पडला. सभासदांमध्ये ऐंशी ओलांडलेले आजी-आजोबा आहेत आणि कॉलेजातली मुलंही आहेत. तिनं सगळीकडे ‘तुम्ही’ लिहिलं. संचालक मंडळातल्या एका ज्येष्ठांनी त्याची छापील प्रत मागवली, प्रत्येक ‘तुम्ही’ लाल शाईनं खोडून ‘आपण’ केला आणि म्हणाले, “सभासदांना तुम-ताम करायचं नाही.” सहकाऱ्यांचं म्हणणं नेमकं उलटं: आताची अ‍ॅपं मित्रासारखी बोलतात, ‘तू’च ठेव. कंटाळून तिनं मधला मार्ग काढला आहे, की पहिल्याच पडद्यावर सभासदाला विचारावं, तुम्हाला तू म्हणू, तुम्ही म्हणू की आपण? तिचा प्रश्न: यातलं बरोबर काय, आणि एवढ्या ज्येष्ठ माणसाला ते सांगायचं कसं?

तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. तुम्ही लिहिलंत, “मला तू म्हटलंत तरी चालेल, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे.” वाचून बरं वाटलं. समोर भेटलात तर नक्की म्हणेन. इथे मात्र ‘तुम्ही’च म्हणते, कारण हे उत्तर तुमच्यासोबत आणखी कितीतरी जण आपल्यालाच लिहिलंय असं समजून वाचणार आहेत आणि त्यांनी मला ती मोकळीक दिलेली नाही.

मला वाटतं, तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर या ओळीत तुम्हीच देऊन ठेवलं आहे. मराठीत एकेरीवर यायचं ते समोरच्यानं बोलावल्यावर. आत्या घरात नव्यानं आलेल्या सुनेला म्हणते, “मला अहो-जाहो नको गं करू,” तेव्हा ती तिला जवळची जागा देत असते. ती जागा देणाऱ्यानं द्यायची असते, आपण होऊन जाऊन बसायची नसते. आईला आपण तू म्हणतो, विठोबाला तू म्हणतो, त्यामुळे तू म्हणजे अनादर असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या तू मध्ये हक्क आहे. काल फोनवर उतरवलेल्या अ‍ॅपचा स्नेहलतागंजातल्या एखाद्या काकूंवर कोणता हक्क?

तुमच्या सहकाऱ्यांना यावर परदेशातली उदाहरणं आठवतील, म्हणून एक मीच सांगते. स्वीडनमध्ये पूर्वी परक्या माणसाशी बोलताना त्याचं पद किंवा आडनाव घेऊन तिसऱ्या पुरुषात बोलायचे, फार अवघड प्रकरण होतं. १९६७ साली तिथल्या आरोग्य मंडळाचे नवे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी कार्यालयात जाहीर केलं, की मी सगळ्यांना ‘डू’ म्हणजे एकेरीच म्हणणार आणि तुम्हीही मला तसंच म्हणा. बदलाची सुरुवात आधीच झाली होती, पण पुढे लोकांनी ती त्यांच्याच नावाशी जोडली. यातला ‘तुम्हीही मला’ हा भाग महत्त्वाचा आहे. तिथे एकेरी दोन्ही बाजूंनी आलं, साहेबाकडून शिपायाला आणि शिपायाकडून साहेबाला. अ‍ॅपचं तू एकाच बाजूनं येतं. सभासद उलट काहीच म्हणू शकत नाही.

आणि तू घेतलंत तर एक व्याकरणाचा खड्डाही आहे. “तू पिन विसरलास” की “विसरलीस”? “तू बघतोस” की “बघतेस”? दर दुसऱ्या वाक्याला सभासद बाई आहे की पुरुष हे ठरवावं लागतं. तुम्ही हे काम करता म्हणजे तुम्हाला ठाऊक असेल, २०२३ साली आलेल्या अँड्रॉइड १४ मध्ये माणसाच्या व्याकरणिक लिंगाप्रमाणे वेगळा मजकूर दाखवायची सोय आली आहे. पण मग तुम्हाला प्रत्येक वाक्य दोनदा लिहायचं, दोनदा तपासायचं, आणि मुळात सभासदाला ते विचारायचं. “तुम्ही विसरलात”, “तुम्ही बघता” म्हटलं की हा प्रश्न उठतच नाही. लहान मुलांसाठी पाढ्यांचं अ‍ॅप असतं तर मी तू ला पाठिंबा दिला असता, आणि तिथेही “तू जिंकलास” ऐवजी “छान! उत्तर बरोबर” लिहा म्हटलं असतं. पतपेढीत नको.

आता लाल शाईबद्दल.

ते ज्येष्ठ गृहस्थ हट्टी आहेत असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. आपल्या इंदूरच्या मराठी माणसाच्या कानात दिवसभर हिंदी असते. दुकानात, बँकेत, मुलांच्या शाळेत. त्या हिंदीत तीन पायऱ्या आहेत: तू, तुम, आप. मधली पायरी बरोबरीच्यांसाठी किंवा धाकट्यांसाठी. वडीलधाऱ्यांना तुम म्हटलं की घरातली मोठी माणसं तिथल्या तिथे टोकतात. म्हणून इथे वाढलेल्या मराठी कानाला ‘तुम्ही’ मध्ये तो ‘तुम’ ऐकू येतो आणि ‘आपण’ मध्ये ‘आप’. ‘तुम-ताम’ हा त्यांचा शब्दच बघा, त्यांना काय खुपलं ते त्यातून कळतं. ते मराठी वाचतात, पण मोजतात हिंदीच्या पट्टीनं. पण मराठीच्या पायऱ्या तशा नाहीत. आपल्याकडे सासऱ्यांना, गुरुजींना, डॉक्टरांना, अनोळखी माणसाला ‘तुम्ही’ म्हटलं की आदर पूर्ण झाला. हिंदीतल्या आप ची जागा मराठीत ‘तुम्ही’ घेतं. आपण ही त्याच्याही वरची, समारंभाची पायरी आहे.

माझी मावसबहीण लग्न होऊन बडोद्याला गेली, तिला हा वाद कळणारच नाही. गुजरातीत मोठ्यांना ‘तमे’ म्हणतात आणि ‘आपणे’ म्हणजे आपण सगळे, तेव्हा तिच्या कानाला ‘तुम्ही’ सभ्यच वाटतं. शब्द एकच, शेजारची भाषा बदलली की त्याचं वजन बदलतं. म्हणून पुण्याच्या कुणी “तुम्हीच बरोबर” असं सांगितलं असतं तर तुमच्या संचालकांना ते पटलं नसतं, आणि त्यात त्यांची चूकही नसती.

तरीही मी तुम्हाला ‘तुम्ही’ च ठेवा म्हणते, आणि कारण आदराचं नाही, अर्थाचं आहे. मराठीतलं आपण तीन कामं करतं. एक, समोरच्याला मान देणं: आपण बसावं. दोन, बोलणारा आणि ऐकणारा मिळून सगळे: चला, आपण जाऊ. हे ‘आम्ही’ पेक्षा वेगळं ‘आपण’ प्रमाण हिंदीत नाही, तिथे दोन्हींना ‘हम’ च. तीन, ज्याचं त्याचं: प्रत्येकानं आपला डबा आणावा. घरात बोलताना गोंधळ होत नाही, कारण चेहरा समोर असतो. फोनच्या पडद्यावर चेहरा नाही. “आपण पाठवलेले ५,००० रुपये परत आले आहेत.” कुणी पाठवलेले? सभासदानं की पतपेढीनं? “आपली रक्कम सुरक्षित आहे.” माझी की संस्थेची? पैशाच्या बाबतीत असा एक क्षणाचा गोंधळसुद्धा ऐंशीच्या आजोबांना घाम फोडतो आणि ते छत्री घेऊन शाखेत हजर होतात.

शिवाय पतपेढीला हे दुसरं आपण फार मोलाचं आहे, ते असं खर्चून टाकू नका. पतपेढी सभासदांचीच असते. “आपली वार्षिक सभा रविवारी आहे.” “आपल्या पतपेढीची नवी शाखा.” इथे आपण शब्द शोभतो, कारण तो खरा आहे. खात्याला ‘तुमचं’ आणि संस्थेला ‘आपली’ म्हणा. एवढा एक नियम पाळलात तरी अ‍ॅप वाचताना सभासदाला कळेल, कुठे त्याच्या एकट्याबद्दल बोलणं चाललंय आणि कुठे सगळ्यांबद्दल.

पण मला खरं बोलायचंय ते याच्या पुढचं. तिघांच्या भांडणात तुम्ही सगळ्यांनीच एक गोष्ट धरून चाललात, की आदर सर्वनामात असतो. माझ्या सासूबाई पेन्शन काढायला जायच्या तिथे खिडकीवर एक तरुण मुलगा होता. तो त्यांना आपण म्हणायचा नाही. “काकू, बसा. सही इथे करा,” म्हणायचा, आणि जागेवर बोट ठेवायचा. सही जुळली नाही तर “तुमची सही चुकली” न म्हणता “काकू, आज हात थरथरतोय का? सावकाश करा” म्हणायचा. पुढे त्याची बदली झाली. नवे गृहस्थ सगळ्यांना आपण म्हणत: “आपण फॉर्म चुकीचा भरला आहे, आपण उद्या यावे.” सासूबाई घरी येऊन गप्प बसून राहायच्या.

तुमच्या मजकुरात ते बोट कुठे आहे, ते शोधा. “तुम्ही चुकीचा पिन टाकला आहे” या वाक्यात तुम्ही काढून आपण घातलंत तरी आरोप तसाच राहतो. “पिन जुळला नाही. पुन्हा टाकून बघा. अजून २ वेळा टाकता येईल.” इथे सर्वनामच नाही आणि कुणी दुखावतही नाही. मराठीची ही मोठी सोय आहे: रक्कम जमा होते, पिन जुळत नाही, नेटवर्क मिळत नाही. दोष कुणाच्या माथी न मारता घडलेली गोष्ट सांगता येते. मी तर म्हणेन, मजकुराची पूर्ण यादी घेऊन बसा आणि बघा किती वाक्यांतून ‘तुम्ही’ नुसतं काढून टाकता येतं. क्रियापदात ते असतंच. “पैसे पाठवा” मध्ये तुम्ही आलंच की. निम्मं भांडण तिथेच मिटेल, कारण लाल शाईला खोडायला काही उरणार नाही.

बटणांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथे इंग्रजीमागे जाताना आपण हमखास अडखळतो. इंग्रजीत ‘सेव्ह’ एवढंच लिहिलेलं असतं. कोण कुणाला म्हणतंय ते सांगावं लागत नाही. मराठीत सांगावं लागतं. “जतन करा” हे अ‍ॅप सभासदाला सांगतंय. सभासद मशीनला हुकूम देतोय असं धरलं असतं, तर “जतन कर” झालं असतं. गंमत म्हणजे “पुढे जा” आणि “संपर्कात राहा” यांत कळतच नाही, कारण जा आणि राहा ही रूपं तू ला आणि तुम्ही ला सारखीच आहेत. म्हणून आधी एक ठरवून टाका: बटणावर आणि सूचनेत पतपेढी बोलते, म्हणून करा, पाठवा, निवडा. जिथे सभासद स्वतः कबुली देतो तिथे तो बोलतो: “मला अटी मान्य आहेत.” तिथे “आपणास अटी मान्य आहेत” असं अ‍ॅपनं परस्पर ठरवू नये. आणि त्याच्या तोंडी वाक्य घालताना लिंग येणार नाही असं घाला. “मी पिन विसरलो” ऐवजी “पिन आठवत नाही”. मथळ्यांना तर काहीच नको. ‘खाती’, ‘कर्ज’, ‘शिल्लक’. माझी की तुमची हा वाद त्यांच्यापर्यंत नेऊ नका.

एसएमएसचा हिशेबही करा. देवनागरीत एका संदेशात ७० अक्षरचिन्हं मावतात, रोमनमध्ये १६०. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. “आपणांस कळविण्यात येते की” यातच २४ गेली, आणि कळवलं काहीच नाही. ओटीपीच्या संदेशात तर अदबीनं घात होतो. “आपण ओटीपी कोणासही देऊ नये” हे वाचणाऱ्याला भिंतीवरच्या पाटीसारखं वाटतं, डोळा घसरून पुढे जातो. “ओटीपी कोणालाही सांगू नका. पतपेढीतून विचारला तरी सांगू नका.” असं लिहा. फसवणारा माणूस फोनवर अत्यंत गोड बोलतो, आपण-आपण करतो. त्याच्याशी अदबीत स्पर्धा करायची नाही.

आता सर्वनामापेक्षा मला ज्याची जास्त काळजी वाटते ते सांगते. सभासदाचं नाव कसं लिहिणार आहात?

अ‍ॅप उघडल्यावर “नमस्कार, सुनंदा!” असं दिसलं तर पंचाहत्तरीच्या बाईंना कसं वाटेल, याचा विचार करा. त्यांना नुसत्या नावानं हाक मारणारं माणूस कदाचित आता जगात उरलं नसेल. तुम्ही-आपण च्या फरकाकडे त्यांचं लक्षही जाणार नाही, हे मात्र लागेल. मग कुणी म्हणेल, उपपद लावा. तिथे आपल्या इंदुरात दुहेरी अडचण आहे. हिंदीत ‘श्रीमती’ म्हणजे विवाहित बाई. मराठीत नवरा हयात असलेल्या बाईला ‘सौ.’ लिहायची रीत, त्यामुळे ‘श्रीमती’ वाचलं की जुन्या पिढीच्या मनात पहिल्यांदा विधवा येते. हिंदीतून आलेल्या यादीतलं ‘श्रीमती’ जसंच्या तसं मराठीत टाकलंत तर कितीतरी बायकांना ते अशुभ वाटेल. आणि ‘सौ.’ टाकलंत तर? माझे मेहुणे गेले, त्यानंतर नऊ महिन्यांनी बहिणीला एका संस्थेकडून संदेश आला, तिच्या नावामागे ‘सौ.’ लावून. तिनं तो मला दाखवला, काही बोलली नाही. त्या यंत्राला कुणी कळवलंच नव्हतं. आपल्या दुःखाची नोंद फॉर्मवर करून द्यावी, अशी अपेक्षा तिच्याकडून करायची का?

म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं: उपपद ठेवूच नका. पासबुकावर असेल तसं पूर्ण नाव, वर साधा “नमस्कार”. ताई-काकू आपोआप लावायच्या भानगडीतही पडू नका. काकू म्हणायला माणूस लागतं. एका सभासदाची बातमी दुसऱ्याला द्यायची असेल, म्हणजे नामनिर्देशन किंवा जामीन वगैरे, तर तिथे ‘यांनी’ वापरा: “अमुक यांनी तुम्हाला जामीनदार म्हणून निवडलं आहे.” त्यात मानही येतो आणि बाई-पुरुष विचारावं लागत नाही. ‘अमुकने’ लिहू नका, ते खरोखरच एकेरी आहे, आणि त्याकडे तुमच्या यादीत कुणाचंच लक्ष गेलेलं नाही.

पहिल्या पडद्यावर तीन पर्याय द्यायची तुमची कल्पना मला मनापासून नाही पटली. त्यामागची काळजी पटते. पण काकू अ‍ॅप उघडतात ते शिल्लक बघायला. त्यांना दारातच थांबवून व्याकरणाचा प्रश्न विचारला, तर बऱ्याच जणी फोन नातवाच्या हातात देतील, आणि तो गंमत म्हणून काहीही निवडेल. शिवाय तीन प्रकारचा मजकूर म्हणजे तिप्पट चुका. कुठेतरी “आपण तुमचा पिन टाक” असं तिन्हींचं मिश्रण निघेलच. एसएमएस, फोनवरचा रेकॉर्ड केलेला आवाज, पावती, सगळीकडे एकच भाषा असली की सभासदाला ओळखीचं वाटतं. अ‍ॅप तू म्हणतंय आणि पावती आपण, तर दोन वेगळ्या संस्थांशी व्यवहार चाललाय असं वाटतं.

राहता राहिले ते ज्येष्ठ. त्यांना हिंदी-मराठीचं हे सगळं विवेचन ऐकवू नका. तुमच्यासाठी लिहिलं, त्यांच्यासाठी नाही. त्यांच्याकडे जा, त्यांची लाल शाईची प्रत बरोबर न्या. आधी सांगा, की निमंत्रण पत्रिका, वार्षिक अहवाल, सभेची सूचना यांत आपण कायम राहील, “आपण सहकुटुंब उपस्थित राहावे” हे तिथे शोभतंच, आणि तो मजकूर तुम्हीच तपासून द्या. तसं त्यांना खरोखर द्याही, केवळ समजूत काढायला नको. त्यांच्या मराठीची पतपेढीला गरज आहे. मग “आपण पाठवलेले ५,००० रुपये” हे वाक्य त्यांच्याकडूनच मोठ्यानं वाचून घ्या आणि विचारा, पाठवले कुणी? उत्तराला ते थोडे थांबले की तुमचं काम झालं. थांबले नाहीत, तर निदान पैशाच्या संदेशांपुरतं ‘तुम्ही’ मागून घ्या आणि बाकीचं सर्वनामाशिवाय लिहा.

आणि शेवटी त्यांच्यापुढे दोन कागद ठेवा. एकावर: “आपण जून महिन्याचा हप्ता भरलेला नाही. त्वरित भरणा करावा, अन्यथा कारवाई करण्यात येईल.” दुसऱ्यावर: “जूनचा हप्ता अजून जमा झालेला नाही. १५ तारखेपर्यंत भरता येईल. काही अडचण असेल तर शाखेत फोन करा.” त्यांना विचारा, यातला कोणता संदेश तुमच्या स्वतःच्या फोनवर, घरात सून शेजारी बसलेली असताना, आलेला चालेल. दुसऱ्या कागदावर खाली शाखेचा नंबर लिहायला विसरू नका, आणि छापण्याआधी दुपारी तीन-साडेतीनला तो एकदा स्वतः लावून बघा, कुणी उचलतं का.